पोरगं किती मिनिटं बोललं?

गेल्या महिन्यात आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत जेवणाच्या सुट्टीआधी तासभर नुसता वाद पेटला होता. निमित्त काय, तर काही शाळांना मोठे टचचे पॅनल येणार आणि त्यावर एक एआयचं ॲप, जे म्हणे पोरांशी इंग्रजीत बोलतं, चुका सुधारतं. जुनी मंडळी एका बाजूला, मोबाईलनं पोरांचं वाटोळं केलं, खडू-फळा तेच खरं शिक्षण. नवीन शिक्षक दुसऱ्या बाजूला, सर, जग कुठं चाललंय बघा, ॲप कंटाळत नाही, चिडत नाही, रजेवर जात नाही, इंग्रजीला आता मास्तर लागणारच नाही. दोन्हीकडच्या बोलण्याला टाळ्या पडल्या. मी ऐकत होतो आणि राहून राहून एकच वाटत होतं की मशीन हवं का नको हा प्रश्नच इथं कामाचा नाही. दुसरी भाषा कशानं येते? पोरगं स्वतः तोंड उघडून बोलतं, समोरचा ते ऐकून त्याच्या बोलण्याला धरून उत्तर देतो, आणि पोराला आपल्या घरच्या भाषेवर पाय ठेवून वर चढता येतं, यानं येते. हे तीन होत असेल तर फळ्यावरही भाषा येते, होत नसेल तर लाखाचा पॅनलही भिंतीवर शोभेला राहतो. आजवर आलेलं प्रत्येक यंत्र याच तीन गोष्टींवर टिकलं किंवा पडलं, आणि हे मी नुसतं मत म्हणून नाही सांगत, याचा इतिहास आहे.

पण त्याआधी एक गोष्ट, जी त्या तासाभरात कोणी बोललंच नाही. दुसरी भाषा म्हणजे कोणाची दुसरी? आपण खानदेशात बसून असं बोलतो की जसं प्रत्येक पोराची पहिली भाषा पुस्तकातली मराठीच आहे. धुळे-साक्री-अमळनेरकडच्या घरात अहिराणी, रावेर-यावल पट्ट्यात लेवा बोली, शहाद्याकडं गुजर बोली, आणि सातपुड्यात चढलं की पावरी, भिलोरी. २०११ च्या जनगणनेत भिली गटाच्या भाषा बोलणारे देशात १ कोटीच्या वर आहेत, खानदेशी या नावाखाली १८ लाखांच्या वर. धडगाव, अक्कलकुव्याच्या पहिलीतल्या पोराला मराठीच दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. २००० सालापासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून आहे. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचे जीआर निघाले, महाराष्ट्रभर रान पेटलं, २९ जूनला ते मागं घेतले गेले, आणि त्या दोन-अडीच महिन्यांत टीव्हीवर जेवढी माणसं बोलली त्यांच्यात कोणी विचारलं का की पावरी बोलणाऱ्या पोराच्या भाषांची मोजणी तुम्ही कुठून सुरू करता? हिंदी नको म्हणणारे बरोबर होते असंच मला वाटतं, पण मराठी सगळ्यांच्या घरात आहे हे त्यांनीही धरूनच चालवलं होतं.

आता यंत्रांचं. भाषा शिकवायला यंत्र आपल्या पिढीत आलं असं समजू नका. कोमेनियस नावाच्या शिक्षकानं १६५८ साली पोरांना लॅटिन शिकवायला चित्रांचं पुस्तक काढलं, ऑर्बिस पिक्टस. त्या काळात लाकडी ठशावरून चित्र छापणं हेच मोठं तंत्रज्ञान. पण त्याचं शहाणपण नुसत्या चित्रात नव्हतं, वर चित्र आणि खाली लॅटिनच्या शेजारी पोराची स्वतःची जर्मन, यात होतं. पोरगं आपल्या भाषेचा हात धरून लॅटिनमध्ये उतरायचं. आपल्याकडं तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनं मराठी घरातल्या कितीतरी पिढ्यांना इंग्रजी वाचता-लिहिता आणलं, तीही मराठीच्याच आधारानं. बोलता किती जणांना आलं हा प्रश्न वेगळा, कारण पुस्तक ऐकत नाही. मग १९०१ साली लंडनमध्ये लिंग्वाफोन सुरू झालं, आधी मेणाच्या सिलिंडरवर, मग तबकड्यांवर, मास्तर घरी आला म्हणून लोकांनी हौसेनं घेतलं. आवाज आला, उच्चार आले, पण तबकडीसुद्धा ऐकत नाही. तुम्ही बरोबर म्हटलं का चूक म्हटलं, तिला पत्ता नाही, ती फिरतेच आहे.

सगळ्यात मोठा धडा मात्र अमेरिकेचा आहे. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियानं स्पुटनिक सोडलं, अमेरिका हादरली, १९५८ मध्ये नॅशनल डिफेन्स एज्युकेशन ॲक्ट आला आणि विज्ञान-गणिताच्या जोडीला परदेशी भाषांवर सरकारी पैसा ओतला गेला. शाळाशाळांत लँग्वेज लॅब उभ्या राहिल्या, पोरगं एका खोक्यात बसलेलं, कानाला हेडफोन, टेपवर वाक्य येतं, ते म्हणायचं, परत म्हणायचं, परत म्हणायचं. यामागं विचार असा की भाषा म्हणजे सवय, घोटली की बसते. १९५९ साली भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीनं, भाषा म्हणजे सवय असं मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या पुस्तकावर जो टीकालेख लिहिला त्यानं या विचाराचा पायाच हलवला, माणूस कधी न ऐकलेली वाक्यं रोज बोलतो, मग ती कुठल्या सवयीतून आली? पण तोवर लॅब बांधून झाल्या होत्या. पेनसिल्व्हेनिया राज्यात या पद्धतीची शाळांमध्ये काही वर्षं मोठी तपासणी झाली, १९७० मध्ये अहवाल छापून आला, आणि लॅबमुळं पोरांच्या भाषेत फरक पडल्याचं दिसत नाही असा त्याचा सूर होता. एवढा पैसा, एवढी यंत्रं, आणि फरक नाही! का? टेपवरचं वाक्य पोराला कोणालाच सांगायचं नव्हतं म्हणून. पेन टेबलावर आहे हे पन्नास वेळा म्हटलं तरी ते ऐकून पेन घ्यायला कोणी येत नाही.

हे मी माझ्या डोळ्यांनीही पाहिलंय. मी पूर्वी ज्या एका शाळेत होतो तिथं टेपरेकॉर्डर होता, इंग्रजी कवितांच्या कॅसेटी होत्या, आणि तो टेप कपाटात होता कारण तो डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत चढलेला, बिघडला तर भरून कोण देणार. वर्षातून दोनदा बाहेर निघायचा, तपासणीच्या आदल्या दिवशी आणि तपासणीच्या दिवशी. पोरं कविता ऐकायची, खूश व्हायची, मग टेप परत कपाटात. पुढं तिथंच प्रोजेक्टर आला, टीव्ही आला, पुस्तकांवर क्यूआर कोड आले. कोड स्कॅन केला की व्हिडिओ लागतो, चांगला असतो, मेहनत घेतलेला असतो, मी कमी लेखत नाही. पण परत तेच, व्हिडिओ बोलतो आणि पोरं बघतात.

आता दुसऱ्या बाजूचं जे खरं आहे ते मान्यच करायला पाहिजे, नाहीतर माझाही वाद त्या परिषदेतल्यासारखाच व्हायचा. एक म्हणजे, जिथं शिक्षकालाच इंग्रजी बोलता येत नाही तिथं मशीनचा आवाज शंभर टक्के उपयोगी आहे. द्विशिक्षकी शाळेत एका मास्तराकडं दोन-तीन वर्ग, त्यात शाळेची माहिती भरणं, पोषण आहाराचा हिशोब, त्याला तुम्ही सांगणार की इंग्रजीत संवाद साध? केनियात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रेडिओवरून प्राथमिकच्या पोरांना इंग्रजी शिकवण्याचा प्रकल्प झाला, साध्या गावठी शाळा, एक रेडिओ, आणि पोरं ऐकण्या-वाचण्यात पुढं निघाली. रेडिओनंसुद्धा भाषा येते, हे नाकारून चालत नाही. पण ते जमलं कसं हे बघा ना. त्या कार्यक्रमात दर थोड्या वेळानं मुद्दाम जागा सोडलेली होती, रेडिओ प्रश्न विचारून गप्प बसायचा आणि अख्खा वर्ग मोठ्यानं उत्तर द्यायचा, उठायचा, वस्तू दाखवायचा, शिक्षक सोबत उभा. ज्यांनी ते लिहिलं त्यांना माहीत होतं की आपलं यंत्र कधी गप्प बसलं पाहिजे. अमेरिकेच्या लॅबला यंत्र महाग आणि केनियाच्या रेडिओला स्वस्त, तरी स्वस्तवालं चाललं, याचा विचार पॅनल घेणाऱ्यांनी करावा.

दुसरं, टीव्ही-सिनेमानं अख्ख्या खानदेशाला हिंदी शिकवली, मग यंत्रानं भाषा येत नाही कसं म्हणता, असं मला एका तरुण शिक्षकानं विचारलं. चांगला प्रश्न आहे. पण रावेरचा केळीवाला हिंदी कुठं पक्का झाला? केळी उत्तरेकडं जाते, व्यापारी तिकडचा, ट्रकवाला तिकडचा, भाव त्याच्याशी हिंदीत बोलावा लागतो आणि चूक बोललं तर पैशाला फटका. भुसावळ जंक्शनवर चहा विकणारं पोरगं बारा गावची हिंदी बोलतं, तेही असंच. सिनेमानं कान तयार केले, मान्य, जीभ मात्र बाजारानं आणि स्टेशननं तयार केली. इंग्रजीचं काय होतं? कान तयार करायला आता यूट्यूब आहे, पण आमच्या पोराला इंग्रजीत बोलायचं आहे कोणाशी?

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जड वाटतो. लाज. आमच्याकडची एक मुलगी, आता कॉलेजला आहे, मला म्हणाली सर, मी रात्री फोनशी इंग्रजी बोलते, कारण तो हसत नाही. वर्गात तिनं एकदा चुकीचं वाक्य म्हटलं होतं, सगळा वर्ग हसला, शिक्षकही हसले, त्यानंतर तीन वर्षं तिनं इंग्रजीच्या तासाला तोंड उघडलं नाही. आता ती फोनवर रोज बोलते आणि मी ऐकलं, खरंच सुधारलीये. या मुलीसमोर मी कोणत्या तोंडानं म्हणू की मशीन वाईट? आधीची यंत्रं ऐकत नव्हती हा माझा मुख्य आक्षेप, आणि हे नवीन यंत्र ऐकतं. पुस्तकापासून व्हिडिओपर्यंत जे कोणालाच जमलं नाही ते याला जमतंय, हे मोठं आहे, आणि जुन्या मंडळींनी हे एकदा हातात घेऊन बघितल्याशिवाय त्यावर बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पण ऐकतं म्हणजे कोणाचं ऐकतं? मी ते ॲप सहावीच्या वर्गात लावून बघितलं. मराठीतून विचारलं तर समजतं. एक अहिराणी घरातला पोऱ्या त्याला म्हणाला, मना बाप वावरमा गयेल शे (माझा बाप शेतात गेलाय), हे इंग्रजीत कसं म्हणू? ॲपनं त्याचं भलतंच काहीतरी मराठी केलं आणि भलतंच इंग्रजी दिलं. मग एक पावरा मुलगी बोलली, स्क्रीनवर धड शब्दच उमटले नाहीत. ती दोन सेकंद स्क्रीनकडं बघत राहिली आणि मागं जाऊन बसली. वर्ग हसला नाही, मशीन हसलं नाही, पण ती जाऊन बसली हे मला विसरता येत नाही. तिला आतापर्यंत शाळेनं सांगितलं होतं की तुझी भाषा इथं चालत नाही, आता मशीननंही तेच सांगितलं.

आणि याच ठिकाणी मला ग्रिअर्सन आठवतो, इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या भाषांचं सर्वेक्षण करणारा अधिकारी. त्याच्या भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात, १९०७ साली, भिली भाषांबरोबर खानदेशीचंही वर्णन छापलेलं आहे. पुढं त्याच कामाला जोडून हिंदुस्थानातल्या भाषा-बोली ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेतल्या गेल्या, आणि त्या इकडं नोकरीला येणाऱ्या तरुण साहेबांना शिकवायला वापरल्या जायच्या. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी शिकणारा साहेब होता तेव्हा यंत्रानं गावची बोली बोलायची तयारी केली. आज शिकणारं आमचं पोरगं आहे, तर यंत्र म्हणतं तू आधी माझ्या भाषेत ये. यंत्र तेव्हापेक्षा हजारपट हुशार झालं, मग हे उलटं का झालं? कारण यंत्र कोणासाठी हे तेव्हा ठरवलेलं होतं, आज ते कोणी विचारतच नाही. कोणी म्हणेल दम धरा, आज नाही तर उद्या ते अहिराणी शिकेल. शिकेल ना, पण कशावरून शिकेल? बोललेलं, लिहिलेलं काहीतरी त्याच्यासमोर पाहिजे, आणि पावरी बोलणारी पोरं वर्गात गप्प असतील तर ते येणार कुठून?

आता खडू-फळावाल्यांना दोन शब्द, कारण ते माझेच लोक आहेत. आपण ज्या जुन्या शिक्षणाचे गोडवे गातो त्यात तरी पोरगं बोलत होतं का? फळ्यावर स्पेलिंग, खाली मराठी अर्थ, दहा वेळा लिहून आणा, व्याकरणाचे नियम पाठ. आठवीत नियम तोंडपाठ असलेलं पोरगं बँकेत फॉर्म मागताना अडायचं. म्हणजे लॅबनं जे टेपवर केलं तेच आपण छडी घेऊन केलं. फळा वापरूनही वेगळं होऊ शकतं हे इंग्रजी शिकवण्याचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी बंगळूरच्या प्रकल्पात दाखवलं, १९७९ ते १९८४, साधे वर्ग, काही यंत्र नाही. पोरांना रेल्वेचं वेळापत्रक द्यायचं, नकाशा द्यायचा आणि प्रश्न सोडवायला सांगायचं, अमुक गाडीनं निघालं तर कधी पोचू, आणि ते सोडवता सोडवता इंग्रजी. निकाल सगळाच लख्ख होता असं कोणी म्हणत नाही, पण पोरांना वाक्याऐवजी गाडीची काळजी होती, आणि भाषा अशी पाठीमागून येते. आपल्याकडं साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात रोज हातानं लिहून छात्रालय दैनिक काढायचे. कागद आणि शाई एवढंच तंत्रज्ञान. पण मुलांच्याच जगण्यातलं, मुलांसाठी लिहिलेलं, उद्या परत येणारं, म्हणून मुलं ते वाचायची. आपल्या फळ्यावर मुलांच्या जगण्यातलं काय असतं?

मी नोकरीची पहिली ५ वर्षं धडगाव तालुक्यात काढली. पहिलीची पोरं दिवाळीपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, मला वाटायचं बुजरी आहेत. मग मीच पावरी शिकायला लागलो, पोरांनाच विचारून, याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात. माझे उच्चार चुकायचे, पोरं पोट धरून हसायची आणि मला सुधारायची, आणि सुधारताना मला कळावं म्हणून मध्ये मध्ये मराठी वापरायची, कारण आता त्यांना मला काहीतरी सांगायचं होतं. दोन महिन्यांत वर्ग बोलता झाला. मी त्यांना मराठी शिकवली त्यापेक्षा त्यांनी मला पावरी शिकवताना मराठी उचलली. नर्मदेच्या काठावर नर्मदा बचाव आंदोलनानं काढलेल्या जीवनशाळांनी पोरांच्या भाषेतून सुरुवात केली ती उगाच नाही. माझ्या त्या धडगावच्या वर्गात वीजसुद्धा नव्हती. आज त्याच ठिकाणी माझ्याकडं एक साधा रेकॉर्डिंगचा फोन असता तर मी काय काय केलं असतं याचा विचार करून अजूनही जीव हळहळतो, त्यांच्या आज्यांच्या गोष्टी पावरीत रेकॉर्ड केल्या असत्या, पोरांनी त्या मला मराठीत सांगितल्या असत्या.

आणि आपण भाषेत मोजतो काय? २०१९ च्या दहावीला भाषांचे अंतर्गत, म्हणजे तोंडीचे २० मार्क काढून टाकले होते, निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला, ओरड झाली, पुढच्या वर्षीपासून मार्क परत. त्या सगळ्या गदारोळात चर्चा फक्त टक्क्यांची. हे २० मार्क पोरांना बोलण्याबद्दल मिळत होते का, कोणी त्यांचं बोलणं ऐकत तरी होतं का, हे विचारणारा एक माणूस मला दिसला नाही. जे मोजलंच जात नाही ते पॅनल आणून कसं वाढणार?

साधा हिशोब करा. ३५ मिनिटांचा तास, ४० पोरं. शिक्षक एक शब्द न बोलता गप्प बसला तरी प्रत्येकाच्या वाट्याला ५२ सेकंद. प्रत्यक्षात शिक्षकच तीस मिनिटं बोलतो. खरी अडचण ही आहे, आणि इथं मशीनचा मला मोठा उपयोग दिसतो, पण तो समोरच्या भिंतीवरच्या एका मोठ्या पडद्याचा नाही, कारण पडदा आला की सगळी तोंडं तिकडं होतात आणि परत ऐकणंच. चार पोरांत एक साधा फोन द्या, बाजाराचा दिवस त्यांना त्यांच्या बोलीत सांगू द्या, मग मराठीत, मग जेवढं जमेल तेवढं इंग्रजीत, रेकॉर्ड करू द्या, परत ऐकू द्या, शेजारच्या तालुक्यातल्या शाळेला पाठवू द्या, तिकडून उत्तर येऊ द्या. साक्रीच्या पोरानं अहिराणीत विचारावं आणि धडगावच्या मुलीनं मराठीत उत्तर द्यावं, दोघांनाही ती भाषा तेव्हा खरी लागेल. एआयला उच्चार तपासायला वापरा, लाजणाऱ्या मुलीला रात्री सरावाला वापरा, शिक्षकाला स्वतःचं इंग्रजी सुधारायला तर जरूरच वापरा, यात कमीपणा काही नाही.

पुढच्या परिषदेला मी एक कागद घेऊन जाणार आहे. गेल्या आठवड्यापासून वर्गात माझ्या टेबलावर पोरांच्या नावांची यादी ठेवलीये, कोण बोललं, कोणत्या भाषेत, साधारण किती वेळ, त्यापुढं मी खूण करतो. पाच दिवस झाले. काही नावांपुढं रकाना अजून कोराच आहे, आणि ती बहुतेक पोरं घरी पावरी बोलणारी आहेत. ती मुलगी पण त्यात आहे, जी स्क्रीनसमोरून जाऊन बसली होती.